फ्लुगेल्स मेला नाही, त्याला बंद केलं गेलं

10 जून 1998. फ्रान्समधल्या वर्ल्ड कपचा पहिला सामना, ब्राझील विरुद्ध स्कॉटलंड. पहिल्या पाच मिनिटांतच ब्राझीलला कॉर्नर मिळतो, सेझार साम्पायो गोलपोस्टजवळ घुसतो आणि त्या वर्ल्ड कपचा पहिला गोल होतो. हा साम्पायो तेव्हा कुठल्या क्लबकडून खेळायचा? तुम्ही मनात माद्रिद, मिलान, बार्सिलोना अशी नावं घेत असाल. उत्तर आहे योकोहामा फ्लुगेल्स.

सात महिनेसुद्धा गेले नाहीत आणि हा क्लब पृथ्वीवर उरला नाही.

पुढची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी रीलमध्ये पाहिली असेल. ऑक्टोबर 1998 मध्ये क्लब बंद होणार असं जाहीर झालं. त्यानंतर हा संघ एकही सामना हरला नाही. जपानमधली सर्वात जुनी स्पर्धा म्हणजे सम्राट चषक. तिच्या उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी जुबिलो इवाताला हरवलं, उपांत्य फेरीत काशिमा अँटलर्सला. 1 जानेवारी 1999 रोजी टोकियोच्या नॅशनल स्टेडियममध्ये अंतिम सामन्यात शिमिझु एस-पल्सला 2-1 असं हरवून चषक उचलला. आणि संपलं. मागे हळवी पियानोची धून, स्लो मोशनमध्ये रडणारे खेळाडू, खाली कॅप्शन: 'जिंकून मेलेला क्लब'.

दर काही महिन्यांनी हे माझ्या फीडवर येतं आणि दर वेळी माझं डोकं तडकतं. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. 'मेला' या क्रियापदाला कर्ता लागत नाही. माणूस म्हातारपणी मरतो, झाड वाळून मरतं, त्यात कुणाचा दोष नसतो. फ्लुगेल्स असा मेला नाही. काही लोक एका खोलीत बसले, त्यांनी हिशेब केला आणि क्लब बंद केला. त्या लोकांच्या कंपन्यांना नावं आहेत, आणि त्या निर्णयाला मान्यता देणाऱ्या संस्थेलाही नाव आहे. पियानोच्या धुनेत ही नावं ऐकू येत नाहीत, म्हणून हा लेख.

कारखान्याच्या आवारातला फुटबॉल

सुरुवात थोडी मागून करू, कारण जपानी फुटबॉल कंपन्यांच्या कुशीतच वाढला, हे समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

1965 मध्ये जपान सॉकर लीग सुरू झाली. पहिल्या आठ संघांची नावं वाचलीत तर फुटबॉलची स्पर्धा आहे की शेअर बाजाराची यादी, असा प्रश्न पडेल. मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज, हिताची, फुरुकावा इलेक्ट्रिक, यानमार डिझेल, यावाता स्टील, टोयोटाची यंत्रमाग बनवणारी कंपनी, नागोयाची एक बँक आणि तोयो कोग्यो. ही शेवटची कंपनी म्हणजे आजची माझदा, आणि पहिल्या चारही स्पर्धा तिनंच जिंकल्या. खेळाडू त्या त्या कंपनीचे नोकर होते. हजेरीपटावर नाव, महिन्याला पगार, कामानंतर सराव, आणि बूट टांगले की त्याच कंपनीत टेबलखुर्ची.

या पद्धतीला मी सरसकट शिव्या घालणार नाही. खेळून झाल्यावर काय खायचं, हा प्रश्न तिनं सोडवला होता. आपल्याकडे रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया यांच्या नोकरीवर किती खेळाडूंची घरं चालली, हे आपल्याला माहीतच आहे. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या जपानी महिला व्हॉलीबॉल संघातल्या बहुतेक खेळाडू निचिबो या सूतगिरणीच्या कर्मचारी होत्या. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये जपानला फुटबॉलचं कांस्य मिळालं. तिथे सात गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारा कुनिशिगे कामामोतो यानमार डिझेलचा माणूस होता.

पण या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत होती. संघ म्हणजे कंपनीचा एक विभाग, जसं कँटीन, जसं वसतिगृह. कँटीन बंद करायचं तर गावाला विचारावं लागत नाही. संघाचंही तेच. प्रेक्षक कमी, तेही बरेचसे सहकारी. त्यामुळे हे गृहीतक कुणाला खुपलं नाही. खुपायची वेळ पुढे आली.

पोरांचा क्लब, विमानाचं नाव

आता फ्लुगेल्सकडे येऊ. या क्लबची गंमत अशी, की तो कारखान्याच्या आवारात जन्मलेलाच नाही. 1964 मध्ये योकोहामाच्या नाका वॉर्डातल्या मुलांसाठी एक क्रीडामंडळ सुरू झालं. ऑलिम्पिकचं वर्ष होतं, गल्लोगल्ली उत्साह होता. आपल्याकडच्या एखाद्या कबड्डी मंडळासारखंच म्हणा. ती पोरं मोठी झाली, मंडळाचा प्रौढ संघ झाला आणि तो खालच्या पायऱ्यांवरून वर चढू लागला.

1970 च्या दशकाअखेर ऑल निप्पॉन एअरवेज, म्हणजे एएनए, ही विमान कंपनी पैसे घेऊन आली. संघाचं नाव झालं 'योकोहामा ट्रायस्टार'. ट्रायस्टार म्हणजे लॉकहीड कंपनीचं तीन इंजिनांचं प्रवासी विमान, जे एएनए उडवत होती. वॉर्डातल्या पोरांच्या संघाला विमानाच्या मॉडेलचं नाव! पुढे 1984 च्या सुमारास संघ देशाच्या पहिल्या श्रेणीत पोचला आणि 'ट्रायस्टार' जाऊन थेट कंपनीचंच नाव लागलं.

मार्च 1986 मध्ये जे घडलं ते रीलवाले कधीच दाखवत नाहीत. हंगामाचा शेवटचा सामना, समोर मित्सुबिशी. फ्लुगेल्सचा पूर्वज असलेल्या या संघातल्या सहा खेळाडूंनी क्लबच्या कारभाराच्या निषेधार्थ मैदानात उतरायला नकार दिला. संघाला अकरा माणसंही उभी करता आली नाहीत. शिक्षा काय झाली? सहाही जणांवर बेमुदत बंदी. कारभार करणाऱ्यांची खुर्ची हलली नाही.

ही घटना जपानी फुटबॉलच्या इतिहासात बेशिस्तीचा प्रकार म्हणून नोंदली गेली. मी ती वेगळ्या पद्धतीनं वाचतो. 'हा क्लब कुणाचा?' हा प्रश्न तिथे पहिल्यांदा उघड्यावर, सामन्याच्या दिवशी विचारला गेला. उत्तर देण्याऐवजी विचारणाऱ्यांनाच हाकललं. बारा वर्षांनी तोच प्रश्न सगळ्या क्लबच्या गळ्याशी आला.

नाव सोनुबाई

1993 मध्ये जे. लीग आली आणि जपानी फुटबॉलचं रूप पालटलं. 15 मे 1993 च्या पहिल्या सामन्याला, वर्दी कावासाकी विरुद्ध योकोहामा मारिनोस, जवळपास साठ हजार लोक होते. झिको, लिनेकर, लिटबार्स्की असे खेळाडू जपानमध्ये आले. फ्लुगेल्स पहिल्या दहा क्लबांपैकी एक होता. 'फ्लुगेल' म्हणजे जर्मन भाषेत पंख. विमान कंपनी अजून होतीच, फक्त आता तिच्या जोडीला साटो कोग्यो ही बांधकाम कंपनी भागीदार होती.

जे. लीगचे पहिले अध्यक्ष साबुरो कावाबुची हे स्वतः फुरुकावा इलेक्ट्रिकचे माजी खेळाडू. 1960 मध्ये जपानच्या संघाबरोबर ते जर्मनीत गेले होते. तिथे डुइसबुर्गच्या क्रीडा प्रशालेची हिरवीगार मैदानं पाहिली आणि क्लब हा शहराचा असावा, हे स्वप्न त्यांच्या डोक्यात बसलं. म्हणून जे. लीगनं आग्रह धरला की क्लबच्या नावात कंपनी नको, गाव हवं. मित्सुबिशीचे झाले उरावा रेड्स, मात्सुशिताचे गाम्बा ओसाका, सुमितोमो मेटल्सचे काशिमा अँटलर्स. योमिउरी वृत्तपत्राचे सर्वेसर्वा त्सुनेओ वातानाबे यांनी यावरून कावाबुचींशी जाहीर भांडण मांडलं. पैसे आम्ही घालायचे आणि नाव गावाचं का, हा त्यांचा सवाल होता.

त्या भांडणात कावाबुची नायक आणि वातानाबे खलनायक, असं सगळे लिहितात. कावाबुचींचं स्वप्न मलाही आवडतं. पण वातानाबे निदान सरळ बोलत होते. पैसा आमचा, क्लब आमचा, मग पाटीही आमचीच. जे. लीगनं पाटी बदलली आणि बाकी सगळं जवळपास जिथल्या तिथे ठेवलं. भागभांडवल कंपनीचं, संचालक कंपनीचे, तोटा भरणार कंपनी आणि म्हणून शेवटचा शब्दही कंपनीचा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. लोकांनी मात्र पाटीवर विश्वास ठेवला. त्यांनी योकोहामाचा क्लब म्हणून गाणी रचली, झेंडे शिवले, पोरांना खांद्यावर बसवून मित्सुझावाच्या मैदानात नेलं.

आणि क्लबनंही त्यांना भरभरून दिलं. 1993 च्या सम्राट चषकाच्या अंतिम सामन्यात, म्हणजे 1 जानेवारी 1994 ला, फ्लुगेल्सनं जादा वेळेत झिकोच्या काशिमाला 6-2 असं उडवलं. पुढे आशियाई कप विनर्स कप जिंकला. ब्राझीलच्या विश्वविजेत्या संघातला झिन्यो, एव्हायर आणि साम्पायो एकाच वेळी इथे खेळले. 1998 मध्ये जपान पहिल्यांदाच वर्ल्ड कपला गेला, त्या संघात फ्लुगेल्सचा मोतोहिरो यामागुची होता, गोलकीपर सेईगो नाराझाकी होता. त्याच हंगामात शाळेतून नुकताच बाहेर पडलेला अठरा वर्षांचा एक मुलगा फ्लुगेल्सकडून पदार्पण करत होता. त्याचं नाव यासुहितो एन्दो. जपानकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा विक्रम आज त्याच्या नावावर आहे.

हा मरायला टेकलेला क्लब दिसतो का तुम्हाला?

29 ऑक्टोबर

जपानचा आर्थिक फुगा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच फुटला होता. नोव्हेंबर 1997 मध्ये यामाइची सिक्युरिटीज आणि होक्काइदो ताकुशोकु बँक एकाच महिन्यात कोसळल्या. बांधकाम कंपन्या कर्जात बुडालेल्या. जे. लीगचं नवंपणही ओसरलं होतं. 1994 मध्ये सामन्याला सरासरी 19 हजारांवर प्रेक्षक यायचे, 1997 मध्ये ते 10 हजारांच्या आसपास आले.

साटो कोग्योनं हात वर केले. एकट्यानं भार उचलायला एएनए तयार नव्हती. तिकडे त्याच शहरात, त्याच मैदानावर खेळणाऱ्या मारिनोसची मालक निस्सानही आर्थिक गाळात होती. दोन्ही कंपन्यांनी बोलणी केली आणि ठरवलं की एक क्लब पुरे. 29 ऑक्टोबर 1998 ला बातमी फुटली. अनेक खेळाडूंना आपला क्लब संपतोय हे बातम्यांमधून कळलं. समर्थकांनी सह्या गोळा केल्या, पैसे गोळा केले, कंपनीच्या दारात जाऊन बसले. उपयोग शून्य. त्यांच्या सह्यांना कायद्यात जागाच नव्हती. आणि जे. लीग, जिनं 'क्लब गावाचा' ही घोषणा दिली होती, तिनं या व्यवहाराला मान्यता दिली.

याला अधिकृत भाषेत 'विलीनीकरण' म्हणतात. शब्द बघा कसा गुळगुळीत आहे, जणू दोन नद्यांचा संगम. प्रत्यक्षात मैदान मारिनोसचं राहिलं, रंग मारिनोसचे राहिले, मालक निस्सानच राहिली. फ्लुगेल्सचे काही खेळाडू तिकडे गेले, बाकीचे विखुरले. नाराझाकी नागोयाला, एन्दो क्योटोला, साम्पायो ब्राझीलला. फ्लुगेल्सचं काय उरलं? एक अक्षर. नवा क्लब झाला 'योकोहामा एफ. मारिनोस'. तो 'एफ' आजही तिथे आहे. पण त्या क्लबच्या विजेतेपदांच्या यादीत फ्लुगेल्सचे चषक धरले जात नाहीत. घरावर मेलेल्या भावाचं आद्याक्षर लावायचं आणि त्याचा फोटो मात्र भिंतीवर नको!

नववर्षाच्या त्या विजयाचंही पुढे काय झालं ते ऐका. सम्राट चषक विजेत्याला आशियाई कप विनर्स कपमध्ये खेळायचा हक्क मिळायचा. विजेता तर अस्तित्वातच नव्हता. म्हणून हरलेला एस-पल्स गेला आणि त्यानं ती स्पर्धा जिंकली. जपानच्या विजेत्याची आशियातली खुर्ची रिकामी होती, कारण दोन कंपन्यांच्या ताळेबंदात त्याला जागा नव्हती.

आता कंपन्यांकडेही बघा. साटो कोग्यो 2002 मध्ये दिवाळखोरीत गेली. निस्साननं विलीनीकरणानंतर काही आठवड्यांतच, मार्च 1999 मध्ये, स्वतःचा मोठा हिस्सा फ्रान्सच्या रेनोला विकला. म्हणजे ज्यांच्या आर्थिक शहाणपणावर भरवसा ठेवून एका शहराचा क्लब संपवला, त्यांना स्वतःचं घरही धड सांभाळता आलं नव्हतं.

'पैसे कोण भरणार होतं?'

इथे दर वेळी कुणीतरी विचारतं, मग पैसे कोण भरणार होतं? तुम्ही?

प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

पहिली गोष्ट, हा पैसा म्हणजे दानधर्म नव्हता. 1954 मध्ये जपानच्या कर खात्यानं व्यावसायिक बेसबॉल संघांबाबत एक परिपत्रक काढलं. संघाचा तोटा मालक कंपनीनं भरला तर तो जाहिरातखर्च म्हणून दाखवता येतो, असं त्यात होतं. फुटबॉल क्लबांनाही हे लागू आहे, असा स्पष्ट खुलासा 2020 मध्ये झाला. पण कंपनीच्या डोक्यातला हिशेब पहिल्यापासून तोच होता. क्लब म्हणजे पळती जाहिरात. मोबदला मिळत होता तोवर पैसा येत होता. त्याला उपकार म्हणू नका. आणि जाहिरात बंद करायचा हक्क कंपनीला जरूर आहे. तिनं आपला पैसा काढून घ्यावा, लोगो काढावा, निघून जावं. पण जाताना क्लबही गुंडाळून न्यायचा हक्क तिला कुणी दिला? भाडेकरू घर सोडताना भिंती पाडून नेत नाही.

दुसरी गोष्ट, 'दुसरा पर्यायच नव्हता' हे साफ खोटं आहे. त्याच काळातली दोन उदाहरणं देतो. पहिलं, अंतिम सामन्यात समोर उभा असलेला एस-पल्स. तो सुरुवातीपासूनच एका कंपनीचा नव्हता, शिमिझुच्या नागरिकांचे त्यात समभाग होते. चालवणारी कंपनी 1997 मध्ये कर्जात बुडाली. समर्थक रस्त्यावर उतरले आणि सुझुयो या स्थानिक मालवाहतूक कंपनीनं कारभार हाती घेतला. क्लब वाचला. दुसरं, बेलमारे हिरात्सुका. 1999 मध्ये फुजिता ही त्यांची बांधकाम कंपनी बाहेर पडली. क्लबला तारे विकावे लागले, खालच्या श्रेणीत जावं लागलं, पण पुढच्याच वर्षी तो आसपासच्या गावांच्या आधारावर 'शोनान बेलमारे' म्हणून उभा राहिला. गरीब झाला, लहान झाला, जिवंत राहिला. फ्लुगेल्सला गरीब व्हायची संधीही दिली गेली नाही. श्रीमंतीत जगणं किंवा मरणं, एवढेच दोन पर्याय कंपनीला दिसतात. समर्थकाला तिसराही दिसतो, तो म्हणजे गाळात रुतून का होईना, पुढच्या शनिवारी मैदानावर हजर राहणं.

तिसरी गोष्ट, नियम करता येतात. ज्या जर्मनीतून कावाबुचींनी स्वप्न आणलं, तिथल्या फुटबॉल संघटनेनं त्याच ऑक्टोबर 1998 मध्ये एक नियम केला. क्लबला कंपनी काढायची मुभा, पण मतांचा अर्ध्याहून एक जास्त वाटा सभासदांच्या हाती राहिलाच पाहिजे. '50 अधिक 1' म्हणतात तो हाच. बायरचा लेव्हरकुसन, फोक्सवॅगनचा वुल्फ्सबुर्ग असे अपवाद त्यात आहेत, पळवाटाही शोधल्या गेल्या आहेत. पण नियम आहे. ज्या महिन्यात जर्मनीनं समर्थकाच्या मताला कागदावर जागा दिली, त्याच महिन्यात जपानमध्ये जर्मन नावाचा एक क्लब बंद खोलीत संपवला गेला. जपाननं जर्मनीकडून हिरवळ आणली, नावंसुद्धा आणली, पण मतपेटी आणायची विसरला.

राखेतून काय उगवलं

समर्थक रडून घरी गेले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. जमवलेल्या पैशातून त्यांनी डिसेंबर 1998 मध्येच स्वतःची कंपनी नोंदवली आणि योकोहामा एफसी नावाचा नवा क्लब काढला. बार्सिलोनाच्या धर्तीवर 'सोसिओ', म्हणजे वर्गणीदार सभासद, अशी योजना केली. पिएर लिटबार्स्की प्रशिक्षक म्हणून आला. 1999 मध्ये हा क्लब व्यावसायिक लीगच्या खालच्या जेएफएलमध्ये उतरला, दोन्ही वर्षं जिंकला आणि 2001 मध्ये दुसऱ्या श्रेणीत गेला. मार्च 2007 मध्ये पहिल्या श्रेणीत, मित्सुझावाच्याच मैदानावर, त्यानं एफ. मारिनोसला 1-0 हरवलं. त्या संध्याकाळी योकोहामात काय वाटलं असेल याची कल्पना मी करू शकतो.

रीलवाल्यांना हा शेवट फार आवडतो. मला त्याच्या पुढचं पानही वाचायचं आहे. काही वर्षांतच सोसिओ आणि व्यवस्थापन यांच्यात भांडणं लागली, सभासदांच्या हातातली सत्ता निसटली आणि पुढे क्लबची सूत्रं लिओक या केटरिंग व्यवसायातल्या कंपनीकडे गेली. कंपनीच्या निर्णयाविरुद्ध जन्मलेला क्लब पुन्हा कंपनीच्या मांडीवर. यावरून 'बघा, लोकांना क्लब चालवता येत नाही' असा निष्कर्ष काढणारे आहेत. मी म्हणेन, नुसत्या भावनेवर मालकी टिकत नाही. तिला कायद्याचं कुंपण लागतं. ते कुंपण घालायचं काम समर्थकांचं एकट्याचं नव्हतं, लीगचं होतं. कुंपण नसलं की ज्याच्या हाती ससा तो पारधी.

एफ. मारिनोस ते मुंबई

हे सगळं जपानचं, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर एक धागा दाखवतो. तो 'एफ' मिरवणाऱ्या मारिनोसमध्ये 2014 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनं अल्प हिस्सा घेतला. मँचेस्टर सिटीची मालक असलेली हीच ती कंपनी. तिनंच 2019 मध्ये मुंबई सिटी एफसीमधला बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. म्हणजे योकोहामाचा तो क्लब आणि अंधेरीत खेळणारा आपला क्लब एका कंपनीच्या एकाच यादीत आले. 1965 मध्ये कंपनीच्या यादीत कँटीन, वसतिगृह आणि संघ होते. आता वेगवेगळ्या खंडांतली शहरं आहेत. यादी लांबली, गृहीतक तेच.

आणि बंद करण्याच्या बाबतीत आपण जपानला काय कमी आहोत? राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन कप जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये कंपनीच्या एका निर्णयानं थांबला. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी गेला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघानं घेतली. बालेवाडीत नारंगी शर्ट घालून ओरडणाऱ्या पोरांना कुणी विचारलं? त्यांचा तर एखादा चषक जिंकून रडायचा हक्कही हुकला. त्यांच्यावर रीलसुद्धा निघत नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. क्लबचं नाव, रंग, बोधचिन्ह आणि शहरातली जागा या चार गोष्टी मालकाच्या तिजोरीत नकोत. त्या समर्थकांच्या नोंदणीकृत संस्थेकडे असाव्यात आणि तिच्या संमतीशिवाय त्या विकता, हलवता किंवा विलीन करता येऊ नयेत. मालकाला जायचं असेल तर किमान एक हंगाम आधी सांगावं आणि त्या काळात क्लब दुसऱ्याला, गरज पडली तर खालच्या श्रेणीत, चालवायची संधी द्यावी. पैसा ज्याचा त्यानं कमवावा, आमची तक्रार नाही. फक्त दिवा विझवायचं बटण एकट्याच्या हातात नको.

हे स्वप्नाळू वाटत असेल तर शेजारच्या गणेश मंडळाकडे बघा. दर वर्षी मांडवावर कुठल्यातरी बिल्डरचा, ज्वेलरचा, पतपेढीचा बॅनर असतो. पुढच्या वर्षी तो बदलतो. एखाद्या वर्षी प्रायोजक मिळत नाही, मग मूर्ती दोन फूट लहान येते, डेकोरेशन साधं होतं. पण बॅनरवाल्यानं 'यंदा पैसे नाहीत, आता मंडळ पलीकडच्या आळीत विलीन करा' असं म्हटलं तर त्याला काय ऐकावं लागेल, ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. क्लब आणि प्रायोजक यांच्यातला फरक आपल्याला कळतो. मैदानात शिरताना तो आपण दाराबाहेर ठेवून जातो, एवढंच.

पुढच्या वेळी ते रील आलं तर जरूर बघा, गोलही सुंदर आहेत. खाली कुणीतरी 'RIP' असं लिहिलेलं असेल. त्याला उत्तर म्हणून तीन नावं टाका: एएनए, साटो कोग्यो, निस्सान. आणि चौथं, या सगळ्याला मान्यता देणारी जे. लीग.